हॉलचं काम घरच्या घरी: खरवडण्यापासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत (नाशिक)

पवननगरची | २० सप्टेंबर

नमस्कार मंडळी. आमचं सिडकोतलं घर सासऱ्यांनी घेतलेलं. हॉल दहा बाय चौदाचा, उंची साडेनऊ फूट. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका ठेकेदाराकडून रंग करून घेतला. चार दिवसांत काम उरकून माणसं गेलीसुद्धा. पुढच्याच पावसाळ्यात बाथरूमच्या बाजूच्या भिंतीवर फुगे आले. आता तर दिवाणावर रोज पोपडे पडतात. काल एक फुगा नखाने फोडला, तर आतून मिठासारखी पांढरी भुकटी सांडली आणि मागचा गिलावा बोटाने उकरता येईल इतका भुसभुशीत निघाला.

या वेळी काम स्वतः करायचं ठरवलंय. मी, आमचे हे आणि यंदा दहावी झालेला मुलगा. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पितृपक्षात नवं काही नको, पण खरवडणं म्हणजे जुनं काढणंच, ते खुशाल करा. रंगाचा ब्रश मात्र घट बसल्यावरच हातात घ्या. म्हणजे आधीचे दिवस खरवडायला मिळाले.

दिवाळीपर्यंत हॉल लावून व्हायला हवा. कुठून सुरुवात करू? सगळ्याच भिंतींना नवी पुट्टी लागेल का? ओलीवर मारायचा वेगळा रंग मिळतो म्हणतात, त्याचा अनुभव आहे का कुणाला?

कॉलेजरोडकर | २० सप्टेंबर

आमच्याकडे अशाच भिंतीवर पीव्हीसीचं पॅनेल लावलं. एका दिवसाचं काम, दिसायलाही छान. टीव्हीमागची भिंत असेल तर विचार करायला हरकत नाही.

बांधकामातला | २० सप्टेंबर

ताई, पॅनेल लावू नका, कळकळीने सांगतो. ओल पॅनेलमागे जिवंतच राहते. तिथे हवा लागत नाही, मग बुरशी धरते, आणि दोन वर्षांनी पॅनेल काढाल तेव्हा गिलाव्यासकट हातात येईल. वरून मारायचे ओलरोधक रंगही पाणी आत येतच असेल तर टिकत नाहीत. पाणी एका ठिकाणी अडलं की दुसरीकडून वाट काढतं.

ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. विटेतले, सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळतात, पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन उडून जातं, क्षार मागे राहतात. तेच रंगाला आतून ढकलतात. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा नाही. पुसलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

आता मूळ शोधा. ओल जमिनीलगत आहे की वरून उतरते? भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे ना, मग आधी हे करा. रात्री गच्चीवरच्या टाकीत येणारं पाणी बंद करा, घरातले सगळे नळ घट्ट बंद करा आणि टाकीत पाण्याच्या पातळीला आतून खूण करा. सकाळी पातळी उतरलेली असेल तर भिंतीतली नळाची लाइन गळतेय. जशीच्या तशी असेल तर दोष सांडपाण्याच्या बाजूला, म्हणजे नहाणीचा ट्रॅप (फरशीतलं पाणी जिथून पाइपात उतरतं ते जाळीखालचं भांडं) किंवा फरशीचे सांधे.

पवननगरची | २२ सप्टेंबर

काका, टाकीची पातळी केसभरही उतरली नाही. ओल जमिनीपासून साधारण अडीच फुटांपर्यंत आहे, वर भिंत कोरडी.

बांधकामातला | २२ सप्टेंबर

मग नहाणीच पाहा. प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ट्रॅपच्या तोंडात घट्ट बसवा, बाथरूममध्ये इंचभर पाणी भरा आणि चोवीस तास ठेवा. सोय पाहून करा, एक दिवस अंघोळीची दुसरी व्यवस्था लागेल. पाणी उतरलं आणि हॉलमधला ओला पट्टा गडद झाला तर फरशी गळतेय. उतरलं नाही तर पिशवी काढून पाणी एकदम सोडा आणि नंतर भिंत पाहा. तेव्हा ओल वाढली तर ट्रॅपच्या खालचा जोड गेलाय.

ब्रशवाला | २२ सप्टेंबर

मी सातपूरला राहतो, बावीस वर्षं रंगकाम करतोय. ताईंनी स्वतः करायला घेतलंय याचा मनापासून आनंद झाला. आमच्या धंद्यातली खरी मेहनत खरवडण्यात आणि घासण्यात असते, आणि गिऱ्हाईक घाई करतं तेव्हा नेमकी तीच कापली जाते. रंगाचे दोन हात मारायला हॉलला दीड दिवस पुरतो. त्याआधीचे आठ दिवस कुणाला दिसत नाहीत.

आधी आपली भिंत ओळखा. हात फिरवून तळव्याला पांढरं लागलं तर चुना किंवा डिस्टेंपर आहे. त्यावर काहीच धरत नाही, पूर्ण काढावं लागतं. पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग पत्रीने, म्हणजे खरवडायच्या पातळ पात्याने, खरवडा, सोपं जातं. हाताला काही लागलं नाही तर चिकटपट्टीचा तुकडा घट्ट दाबून झटक्याने ओढा. पट्टीला रंग चिकटून आला तर तेवढा भाग कच्चा. आला नाही तर खरवडू नका, नुसता पॉलिश पेपर मारून चकाकी उतरवा. चांगला धरलेला रंग काढत बसणं म्हणजे वाया गेलेली मेहनत.

देवळाली_कॅम्प | २३ सप्टेंबर

वाचतेय. आमचाही हॉल करायचा आहे. दारं-खिडक्यांवर जुना ऑइल पेंट आहे, वीसेक वर्षांचा, थरावर थर. तो मशीनने घासून काढला तर चालेल का? घरात दीड वर्षाचं बाळ आहे.

बांधकामातला | २३ सप्टेंबर

मशीनने अजिबात नको. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायचं. कोरडं घासलं की त्याची धूळ उडते, बाळ जमिनीवर रांगतं आणि हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, तो नंतर भरून येत नाही.

जुना थर घट्ट असेल तर काढूच नका. पाण्यात बुडवलेल्या वॉटर पेपरने हलकेच ओलं घासा, गाळ फडक्याने टिपून फडकं टाकून द्या, खोली झाडूने न झाडता ओल्या पोछ्याने पुसा. काम होईपर्यंत बाळाला आजीकडे ठेवता आलं तर सगळ्यात उत्तम.

देवळाली_कॅम्प | २३ सप्टेंबर

बरं झालं विचारलं. मशीन भाड्याने सांगून ठेवलं होतं, आताच फोन करून नको म्हणते.

पवननगरची | २७ सप्टेंबर

चोर सापडला. इंचभर पाणी चोवीस तास भरून ठेवलं, उतरलं नाही. पिशवी काढून पाणी सोडलं आणि तासाभरात हॉलच्या बाजूला पट्टा गडद झाला. प्लंबरने ट्रॅपभोवतीच्या चार फरश्या काढल्या तर खालच्या पाइपाचा जोड सरळ सुटलेला. त्याखालची माती चिखल झाली होती. म्हणजे इतकी वर्षं अंघोळीचं पाणी रोज थोडं थोडं भिंतीच्या पायात जात होतं आणि आम्ही वरून रंग देत होतो. हे पाहून ह्यांना भयंकर वाईट वाटलं, कारण मागच्या वेळी घाई करायला त्यांनीच सांगितलं होतं.

ट्रॅप नवा बसवला, भोवती वॉटरप्रूफिंग करून फरश्या बसवल्या. हॉलच्या बाजूने गिलावा चार फुटांपर्यंत काढून विटा उघड्या केल्या आहेत. आता ही भिंत किती दिवसांत सुकेल?

बांधकामातला | २७ सप्टेंबर

ताई, सांगायला जड जातंय, पण दिवाळीपर्यंत सुकणार नाही. भिंत वरून आठ दिवसांत कोरडी दिसेल, आतून सुकायला महिने लागतात. पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा. पाऊस गेल्यावर नाशकातली हवा कोरडी होते, थंडीत अजून कोरडी, ते तुमच्या पथ्यावर पडेल.

सुकली का हे डोळ्यांनी ठरवू नका. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा फूटभर चौकोन भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून बंद करा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर ओल अजून आत आहे. दव बाहेरच्या बाजूला असेल तर ते खोलीतल्या हवेचं.

बाकीच्या तीन भिंती आणि छत बेलाशक करून घ्या. ही एक तशीच ठेवा.

वाड्यातला | २८ सप्टेंबर

ओलीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आम्ही जुन्या नाशकात राहतो, वाड्याच्या भिंती मातीच्या गाऱ्यातल्या विटांच्या, वर चुन्याचा गिलावा. वडिलांनी पंधरा वर्षांपूर्वी ओसरीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत रंग दिला. तेव्हापासून ओल खालून वर सरकत सरकत कमरेपर्यंत आली. आधी कधीच नव्हती. आता काय करावं?

बांधकामातला | २८ सप्टेंबर

चुन्याचा गिलावा श्वास घेतो, आत शिरलेली ओल बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बुजते, मग ओल वर चढून जिथे मोकळी जागा मिळेल तिथे बाहेर पडते. सिमेंट काढून पुन्हा चुन्याचाच गिलावा करा आणि वर चुन्याची सफेदी. पुट्टी, प्लास्टिक पेंट यांतलं काही नको. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी राहिलेत, पण मंदिरांच्या, वाड्यांच्या दुरुस्त्या करणाऱ्यांकडे विचारा, मिळतील. आणि वाड्याची भिंत स्वतः फोडायला घेऊ नका. तुळया कुठे टेकल्यात हे बघणारा माणूस सोबत हवा.

वाड्यातला | २८ सप्टेंबर

वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, आजोबा दरवर्षी दिवाळीला चुना लावायचे ते उगीच नव्हतं. गवंडी शोधतो.

पवननगरची | १ ऑक्टोबर

तीन भिंती खरवडून झाल्या. दिवाण आणि कपाट खोलीच्या मध्यावर ओढून जुन्या चादरींत गुंडाळलंय. मेन स्विच बंद करून, टेस्टरने तपासून स्विचबोर्डांच्या पट्ट्या ह्यांनी काढल्या. पंख्याची पाती काढून ठेवली. मुलगा एन९५ मास्क लावून छत घासतोय.

आता दोन शंका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय, ती कशी भरायची? आणि सामान किती आणू?

ब्रशवाला | १ ऑक्टोबर

भेग तशीच वरून लिंपू नका. पत्रीच्या टोकाने किंवा स्क्रूड्रायव्हरने ती रुंद करा, तोंड मोठं आणि आत निमुळतं, व्हीसारखं. धूळ झटका, ब्रशने ओलं करा, क्रॅक फिलरने भरा. वर फायबरची जाळीची पट्टी चिकटवून मग पुट्टी ओढा, म्हणजे जोड पुन्हा उघडत नाही.

सामानाचा हिशेब असा. भिंतींचा घेर ४८ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे ४५६ चौरस फूट. दारं-खिडकीचे ६५ वजा करा, राहिले साधारण ३९०. छताचे १४०. पुट्टीची ४० किलोची एक गोणी पुरेल. प्रायमर ४ लिटर. रंगाच्या लिटरमध्ये दोन हात धरून १२० ते १४० चौरस फूट होतात, म्हणून भिंतींना ४ लिटर. छताचा पांढरा वेगळा, तो २ लिटर घ्या.

रंग सगळ्या भिंतींचा आत्ताच घ्या, मागे ठेवलेल्या भिंतीचासुद्धा. वेगवेगळ्या वेळी मिसळून आणलेल्या डब्यांत छटा थोडी तरी हलते आणि एका खोलीत ती लगेच दिसते.

बांधकामातला | १ ऑक्टोबर

भेगेबद्दल एक. भरण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. भेग रेघेपलीकडे गेली तर ती जिवंत आहे, घर कुठेतरी हलतंय, मग रंगाऱ्याचा विषय नाही. खिडकीच्या कोपऱ्यातली केसासारखी बारीक भेग बहुतेक वेळा साधीच असते. पण नाणं आत जाईल इतकी रुंद असेल तर अभियंत्याला दाखवा. सिडकोतल्या बऱ्याच घरांवर नंतर मजले चढलेत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

पवननगरची | ५ ऑक्टोबर

रेघेपलीकडे गेलेली नाही, बारीकच आहे. भरली.

पण पुट्टीत फसलो. मेन रोडवरून पांढऱ्या सिमेंटची पुट्टी आणली, मुलाने भराभर एक अख्खी भिंत ओढली. इतका सफाईदार हात बघून मला कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी हात फिरवला तर तळवा पांढराफटक. घासायला गेलो तर पीठ पडायला लागलं. पोराचा चेहरा बघवेना. काय चुकलं?

ब्रशवाला | ५ ऑक्टोबर

भिंत ओली केली नव्हती ना? पोराला सांगा, माझ्याकडून शिकाऊ असताना हेच झालं होतं. सिमेंटच्या पुट्टीला धरायला पाणी लागतं. कोरडी भिंत ते पाणी शोषून घेते आणि पुट्टी कच्ची राहते. पीठ होणारी सगळी काढा.

आता भिंतीवर पाणी मारा, पण निथळतं नको, नुसती दमट ठेवा. किलोला ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी, गुठळी राहू देऊ नका, दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा घोटा. दोन तासांत संपेल तितकीच कालवा. पुट्टीची पत्र्याची पट्टी खालून वर ओढा. थर पातळ ठेवा, दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नका. जिथे खड्डा खोल आहे तिथे पुट्टीने भरायचं नाही, सिमेंटने भरून घ्या.

जिथे जुना रंग घट्ट धरून आहे तिथे सिमेंटची पुट्टी चालत नाही. तिथे प्रायमर मारून वर ॲक्रिलिक पुट्टी, आणि तिला भिंत ओली करायची गरज नाही.

रात्री एक बल्ब भिंतीला खेटून आडवा धरा. दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. तेवढ्याच जागी १८० नंबरचा पेपर मारा, शेवटी २२० चा.

पवननगरची | १२ ऑक्टोबर

बल्बची युक्ती फार उपयोगी पडली. सपाट वाटणाऱ्या भिंतीवर डोंगरदऱ्या निघाल्या. दोन रात्री आम्ही तिघं भिंतीशी कान लावल्यासारखे बसून घासत होतो. आता भिंत गालासारखी मऊ लागते, सासूबाई येता-जाता हात फिरवतात. प्रायमर झाला.

रंगाचे तीन नमुने दोन बाय दोन फुटांत मारून दोन दिवस पाहिले. दुकानातल्या कार्डावर आवडलेला पिवळा संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात हिरवट दिसत होता. शेवटी ताकासारखा पांढरा घेतला, त्याला किंचित पिवळसर झाक आहे. हॉलमध्ये ऊन फक्त सकाळी येतं, त्याला हाच बरा.

ब्रशवाला | १२ ऑक्टोबर

उत्तम निवड. आता क्रम चुकवू नका, आधी छत, मग भिंती, दारं शेवटी. कडा आणि कोपरे दोन इंची ब्रशने कापून घ्या आणि ती कड ओली असतानाच रोलर जवळ आणा. एक भिंत हातात घेतली की मध्ये चहाला उठू नका. ऑक्टोबरच्या उन्हात रंग लवकर ओढतो, म्हणून पंखा बंद ठेवा, नाहीतर रोलरचे जोड दिसतात. रंगाच्या दोन हातांच्या मध्ये चार तास जाऊ द्या. मास्किंग टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी काढा, नाहीतर कड फाटते.

पवननगरची | १७ ऑक्टोबर

झालं! छत आणि तीन भिंती. पहिला हात सुकताना ठिगळासारखा दिसला तेव्हा पोटात गोळा आला होता, दुसऱ्या हाताने सगळं एकजीव झालं. पोराने शेवटची भिंत एकट्याने केली, तिच्यात जोड शोधून सापडत नाही.

चौथीवर काल फॉइल लावलं होतं, आतून दव. म्हणून दिवाळीत ती उघड्या विटांचीच राहणार. नणंद म्हणाली, निदान मोठा पडदा तरी लावा, पाहुणे काय म्हणतील. सासूबाईंनी ठाम नको सांगितलं. म्हणाल्या, तिला वारा लागू दे, विचारेल त्याला मी सांगेन.

कॉलेजरोडकर | १८ ऑक्टोबर

अभिनंदन! तुमचं वाचून आमच्या पॅनेलचा एक कोपरा उचकटून पाहिला. मागे काळी बुरशी आहे. दिवाळी झाली की काढतोय. बांधकामातले काका, तेव्हा तुम्हाला त्रास देईन.

बांधकामातला | १८ ऑक्टोबर

अवश्य लिहा. काढताना मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

पवननगरची | ८ फेब्रुवारी

उशिरा लिहितेय, पण राहिलेलं सांगायला हवं. नोव्हेंबरभर फॉइलवर दव येत राहिलं, दर वेळी आधीपेक्षा कमी. डिसेंबरच्या मध्यावर लागोपाठ दोनदा कोरडं निघालं. वर आलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडला, गवंड्याकडून गिलावा करून घेतला, सात दिवस पाणी मारलं आणि मग महिनाभर काही केलं नाही. पुन्हा एकदा फॉइल, कोरडं. मग पुट्टी, घासणं, प्रायमर.

काल रंगाचा दुसरा हात झाला. ऑक्टोबरचाच डबा होता, वर साय धरली होती, ती काढून रंग गाळून घेतला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत एका दमात केली. शेजारच्या भिंतीपेक्षा वेगळी ओळखू येत नाही.

दिवाण पुन्हा त्या भिंतीशी लावलाय, पण हातभर अंतर सोडून. सासूबाई सकाळी तिथे बसून चहा घेत होत्या, पाठीमागे हात नेऊन भिंत चाचपत होत्या. डब्यात लिटरभर रंग उरलाय. झाकण घट्ट ठोकून त्यावर छटेचा नंबर आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवलाय.